घरातून चालतं, तुर्भ्यातून का नाही?

या वेळच्या टपालात एक पत्र चांगलं पाच पानी आहे, शिवाय सोबत स्क्रीनचे सहा फोटो. बरीचशी जागा त्यालाच देते आहे. बाकीच्यांनी रागावू नये, दोन छोटे प्रश्न शेवटी घेतले आहेत.

प्रश्न: मी घरूनच डीटीपीचं काम करते. दोन दिवाळी अंक, क्लासच्या नोट्स, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल. छपाई तुर्भ्याच्या प्रेसमध्ये होते. एका अंकाचं फोल्डर फोटोंसकट ९ जीबीपर्यंत जातं. आजवर पेन ड्राइव्ह घेऊन मुलगा नाहीतर मी ट्रान्स-हार्बर लोकलने जायचो. यंदा भाच्याने जुन्या कॉम्प्युटरवर फाइलझिला सर्व्हर हा फाइली वाटणारा प्रोग्रॅम टाकून दिला. म्हणाला, मावशी, आता प्रेसवाले तुझ्या घरून फाइल उचलतील. घरातल्या लॅपटॉपवरून सगळं झकास चालतं. प्रेसमधून मात्र पत्ता टाकला की बराच वेळ काहीच होत नाही आणि मग 'कनेक्शन टाइम्ड आउट' येतं. त्यांना १९२.१६८.१.७ हा पत्ता दिला आहे. भाचा आता नोकरीसाठी बंगळुरूला गेला. फोनवर म्हणतो, राउटरमध्ये पोर्ट उघड. उघडला. तरी तेच. चुकतंय कुठे?
एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: ताई, आधी तुमच्या भाच्याची बाजू घेते. पोराने सर्व्हर नीट टाकला आहे. पहिल्या दोन फोटोंत मला काहीच खोट दिसली नाही. त्याने एकच गोष्ट सांगायची राहू दिली, की १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे घरातलं टोपणनाव. घरात 'बंड्या' म्हणून हाक मारली की एकच जण ओ देतो. तुर्भ्याच्या फलाटावर उभं राहून 'बंड्या' ओरडलात तर कोण वळून बघेल? हा पत्ता तुमच्या घरात आहे, माझ्याही घरात आहे, आणि प्रेसमध्ये बहुधा त्यांच्याच एखाद्या प्रिंटरला दिलेला असेल. प्रेसवाला बिचारा स्वतःच्याच ऑफिसात तुमचा कॉम्प्युटर शोधत बसला होता.

म्हणजे बाहेरचा, खरा पत्ता द्यायला हवा. आणि इथे तुमचा तिसरा फोटो कामाला येतो. तो बहुधा चुकून आला, कारण पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. पण दुखणं नेमकं त्यातच आहे. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी', म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, अशी ओळ आहे आणि तिच्यासमोर १००.८७.१४.२०२.

१००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली इंटरनेट पुरवणाऱ्यांसाठी मुद्दाम बाजूला काढले गेले. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात मिळून सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात आणि ते संपत आले होते. मग एक खरा पत्ता शेकडो घरांत वाटून द्यायचा आणि प्रत्येक घराला आतल्या आत असा शंभराचा नंबर द्यायचा, ही सोय निघाली.

घोडबंदर रोडवरची मोठी कॉम्प्लेक्स आठवा. मेन गेटवर एक वॉचमन, प्रत्येक विंगखाली दुसरा. तुम्ही राउटरमध्ये पोर्ट उघडलात म्हणजे विंगच्या वॉचमनला सांगितलंत, 'तुर्भ्याहून कुणी आलं तर वर सोड.' मेन गेटवरच्याला हे कुणी सांगितलेलंच नाही. आणि तो तुमचा माणूस नाही, इंटरनेट कंपनीचा आहे. तुम्ही बाहेर निघालात तर तो अडवत नाही, परतताना ओळखून आत घेतो. अनोळखी माणूस आपणहून आला की त्याला तिथूनच वाटेला लावतो. तुम्ही राउटरमध्ये आणखी वीस पोर्ट उघडलेत तरी फरक पडणार नाही.

इतर वाचकांनी आपापल्या घरी हे दोन मिनिटांत तपासावं. राउटरच्या पानावरचा वॅन आयपी लिहून घ्या. मग गूगलवर 'व्हॉट इज माय आयपी' शोधून जो आकडा येतो तो त्याच्याशेजारी लिहा. दोन्ही सारखे असतील तर तुमच्या घराला स्वतःचं दार आहे. वेगळे असतील तर मध्ये कुणीतरी बसलेलं आहे. वॅनचा आकडाच १९२.१६८ ने सुरू होत असेल तर घरात एकापुढे एक दोन राउटर लागलेत का ते बघा. केबलवाल्याचा पांढरा डबा हादेखील एक राउटर असतो हे लोक विसरतात.

आता करायचं काय? सरळ रस्ता म्हणजे केबलवाल्याकडे स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, मागणं. महिन्याला वेगळे पैसे पडतात आणि प्रत्येकाचा भाव निराळा. मागताना 'पब्लिक स्टॅटिक' असं स्पष्ट म्हणा. आमच्या ओळखीतल्या एकाला 'स्टॅटिक' म्हणून न बदलणारा शंभराचाच नंबर मिळाला होता. नंबर कायमचा, उपयोग शून्य.

पण ताई, मला विचाराल तर मी उलटं करीन. दार तुम्ही का ठेवायचं? प्रेसच्या कामाच्या जागी आधीच पक्का पत्ता असण्याची शक्यता जास्त आहे. सर्व्हर त्यांनी चालवावा, तुम्ही घरून फाइल त्यांच्याकडे चढवावी. बाहेर जाणाऱ्याला मेन गेटवर अडवत नाहीत हे वर सांगितलंच. तुमचा जुना कॉम्प्युटर रात्रभर जागा ठेवायला नको, कुलूप-किल्ली सांभाळायला नको. 'माझ्याकडे आणखी दोन प्रेसवाले आणि फोटो पाठवणारे ग्राहक आहेत' असं तुम्ही पाचव्या पानावर लिहिलंय ते वाचलं मी. ग्राहकांना गूगल ड्राइव्हची लिंक द्या. ग्राहकाला एफटीपी (फाइलझिला ज्या पद्धतीने फाइली पाठवतो ती) शिकवण्याच्या फंदात पडू नका. हे मी गावदेवीजवळ नऊ वर्षं सायबर कॅफे चालवलेली बाई म्हणून सांगते आहे.

तिसरा एक मार्ग आहे, टेलस्केलसारखा प्रोग्रॅम दोन्हीकडे टाकण्याचा. दोन कॉम्प्युटर आतून बाहेर जाऊन एकमेकांना भेटतात, त्यामुळे वॉचमनचा प्रश्नच येत नाही आणि राउटरला हात लावावा लागत नाही. एकच गंमत लक्षात ठेवा. हा प्रोग्रॅमही तुमच्या कॉम्प्युटरला शंभराने सुरू होणाराच नंबर देतो. तो आणि वॅन आयपी यांची गल्लत करून पुन्हा पाच पानं लिहू नका.

तरीही स्टॅटिक आयपी घेऊन सर्व्हर घरीच ठेवायचा असं तुमचं ठरलंच, तर माझी फजिती आधी ऐका. २००८ साली कॅफे बंद झाल्यावर एक मशीन मी घरी आणलं आणि हौसेने एफटीपी सर्व्हर लावला. मैत्रिणींना सोपं जावं म्हणून 'अनॉनिमस' लॉगिन चालू ठेवलं, आणि त्या फोल्डरात कुणालाही लिहायची मुभा दिली. तीन दिवस मी मजेत. चौथ्या दिवशी डिस्क भरल्याचा इशारा आला. उघडून बघते तर टिंबाने सुरू होणाऱ्या नावांचे फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, आणि आत कुठल्यातरी भाषेतले सिनेमे. लोक माझ्या घरी येऊन त्यांचा माल ठेवत होते आणि दुसरे येऊन तो उचलत होते. तेव्हा आमचा प्लॅन महिन्याला ठरावीक जीबीचा, पुढे दर एमबीला पैसे. त्या महिन्याचं बिल बघून ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

तर पहिलं काम, तुमच्या सर्व्हरवर अनॉनिमस लॉगिन बंद आहे ना बघा. चौथ्या फोटोत बंद दिसतंय, भाचा शहाणा. प्रेससाठी वेगळं युजर नाव, लांबलचक पासवर्ड. त्या युजरला 'माउंट पॉइंट्स'मध्ये एकच फोल्डर दाखवा, डी ड्राइव्हवरचं 'प्रेस' एवढंच, आणि 'रीड ओन्ली' ठेवा. सध्या तिथे आख्खा सी ड्राइव्ह दिलेला आहे. म्हणजे प्रेसवाल्याला तुमच्या पत्रिकांबरोबर तुमचं बँकेचं पासबुकही उचलता येईल.

दुसरं, साधं एफटीपी बाहेर उघडायचंच नाही. त्यात नाव आणि पासवर्ड पोस्टकार्डावर लिहिल्यासारखे उघडे जातात. फाइलझिलामध्ये 'रिक्वायर एक्सप्लिसिट एफटीपी ओव्हर टीएलएस', म्हणजे कुलूप लावलेलंच एफटीपी, असा पर्याय आहे, तो निवडा. प्रेसवाल्याला पहिल्यांदा सर्टिफिकेट, म्हणजे तुमच्या सर्व्हरचं ओळखपत्र, अनोळखी आहे असा इशारा येईल. येऊ दे. सर्टिफिकेटच्या ठशाचे आकडे फोनवर एकदा जुळवा आणि मग 'ओके' म्हणायला सांगा.

तिसरं म्हणजे पोर्ट, कॉम्प्युटरची नंबर घातलेली दारं. इथे भाच्याने फक्त २१ उघडायला सांगितला, आणि नव्वद टक्के लोक इथेच अडकतात. (हा नव्वद आकडा माझ्या वहीतला आहे, कुठल्या पाहणीतला नव्हे.) एफटीपीला दोन वाटा लागतात. २१ वर नुसतं बोलणं होतं: मी अमुक, माझा पासवर्ड तमुक, फाइलींची यादी दे. प्रत्यक्ष माल दुसऱ्या वाटेने येतो आणि ती दर वेळी नव्याने काढली जाते. म्हणून बरेचदा असं होतं की लॉगिन होतं, 'वेलकम' दिसतं, आणि यादी मागितली की सगळं ठप्प.

ही दुहेरी रचना बावळटपणाची वाटते, पण ती जुन्या घराची आहे. एफटीपीचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतला हा मुलगा तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होता. त्या वेळी जाळ्यावर येणाऱ्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता असे, मध्ये ना राउटरचा वॉचमन ना फायरवॉल. सर्व्हरने उलट फोन करावा यात कुणाला गैर वाटलं नाही. आज सर्व्हरने उलट फोन केला तर समोरच्याचा वॉचमन तो घेत नाही. म्हणून 'पॅसिव्ह' पद्धत वापरतात, ज्यात सर्व्हर म्हणतो, 'मी अमुक दारात उभा आहे, तूच ये.'

तुमच्या पाचव्या फोटोत ते वाक्य आहे. लॅपटॉपवरून जोडलंत तेव्हाची ओळ: '२२७ एन्टरिंग पॅसिव्ह मोड' आणि पुढे कंसात १९२,१६८,१,७,१९५,८९. पहिले चार आकडे म्हणजे पत्ता. शेवटचे दोन म्हणजे दार, पण ते गणित करून काढायचं. पाचव्याला २५६ ने गुणा, सहावा मिळवा. १९५ गुणिले २५६ म्हणजे ४९,९२०, अधिक ८९, झाले ५०,००९. म्हणजे सर्व्हर म्हणतोय, १९२.१६८.१.७ वर ५०००९ नंबरच्या दारात ये. घरात ठीक. पण बाहेरच्याला हेच सांगितलं तर पुन्हा बंड्याची हाक! त्यात काही प्रोग्रॅम हुशार असतात. हा पत्ता बाहेरून पोचण्यासारखा नाही हे ओळखून आपणच बाहेरचा पत्ता वापरतात. काही नसतात. मग एका प्रेसमधून चालतं, दुसऱ्यातून नाही, आणि आपण प्रेसवाल्याशी भांडतो.

उपाय असा. सर्व्हरच्या 'पॅसिव्ह मोड'च्या पानावर तुमचा बाहेरचा पत्ता लिहा आणि पोर्टचा पट्टा ठरवून द्या, समजा ५०००० ते ५००२०. राउटरमध्ये २१ आणि हा पूर्ण पट्टा, दोन्ही १९२.१६८.१.७ कडे वळवा. त्या कॉम्प्युटरला हाच नंबर कायम मिळावा म्हणून राउटरच्या डीएचसीपीच्या, म्हणजे घरातल्या यंत्रांना नंबर वाटणाऱ्या, पानावर तो राखून ठेवा. नाहीतर एकदा लाइट जाऊन आली की सात नंबर तुमच्या टीव्हीला गेलेला असेल. विंडोजच्या फायरवॉलमध्ये फाइलझिला सर्व्हरला परवानगी द्या. आणि तपासताना घरच्या वायफायवरून बाहेरचा पत्ता टाकून बघू नका. पुष्कळ राउटर स्वतःच्याच दारातून बाहेर पडून पुन्हा आत येऊ देत नाहीत, त्यामुळे चालणारी गोष्टही बंद दिसते. मोबाइलचं वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावरून बघा.

त्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे. त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरात वापरायला तुमची मर्जी, पण असं मशीन इंटरनेटकडे तोंड करून चोवीस तास उघडं ठेवू नये.

वेगाचं आणि विजेचं मात्र घाईने सांगते. तुम्ही '१०० एमबीपीएसचा प्लॅन' लिहिलंय, तो उतरवण्याचा वेग. प्रेस तुमच्या घरून फाइल घेणार तेव्हा तुमचा चढवण्याचा वेग लागतो. सहाव्या फोटोत तो १० दिसतो. ९ जीबी म्हणजे ७२ हजार मेगाबिट, १० च्या वेगाने दोन तास. तेवढ्यात तुमचा मुलगा दहा नंबर फलाटावरून गाडी पकडून, पेन ड्राइव्ह देऊन, चहा पिऊन घरी परत आलेला असेल. चढवण्याचा वेग ४० करून मिळत असेल तर अर्धा तास. केबलवाल्याला फोन करणारच आहात तर हेही विचारा. आणि जुनं डेस्कटॉप ८० वॅट धरलं तर महिनाभर अखंड चालू ठेवून सुमारे ५८ युनिट होतात. महावितरणचा टप्पा ओलांडला जातो का ते मागच्या बिलावर बघा. प्रेसची वेळ ठरवून तेवढंच चालू ठेवलं तर बिल वाचतं आणि धोकाही कमी. फक्त विंडोजचं 'स्लीप' बंद करा, नाहीतर नऊपैकी सहा जीबीवर कॉम्प्युटरला डुलकी लागायची.

राहिला पत्राच्या समासात पेन्सिलने लिहिलेला प्रश्न: 'फाइलला मराठी नाव दिलं की पलीकडे प्रश्नचिन्हं दिसतात.' नवे प्रोग्रॅम युनिकोड नावं नीट पाठवतात, पण प्रेसमधल्या एखाद्या जुन्या मशीनवर जुना प्रोग्रॅम असला की देवनागरीचा असा चुराडा होतो. आतला मजकूर शाबूत असतो, नाव तेवढं जातं. माझा सल्ला, प्रेसला जाणाऱ्या फाइलींची नावं रोमन अक्षरांत ठेवा, मोकळी जागा न सोडता, आणि पान क्रमांक तीन आकडी. ०१२ लिहिलंत तर १२० च्या आधी लागेल. मराठीचा अभिमान अंकाच्या आत दाखवायला तुमच्याकडे दोनशे पानं आहेत.

प्रश्न: फोनमधले फोटो वायरशिवाय कॉम्प्युटरवर घेण्यासाठी मुलीने फोनवर एफटीपी सर्व्हरचं अ‍ॅप टाकून दिलं. ते जो पत्ता दाखवतं तो क्रोममध्ये टाकला तर काही उघडत नाही. पूर्वी उघडायचं असं मुलगी म्हणते.
एक निवृत्त वाचक, नेरूळ

उत्तर: काका, मुलगी बरोबर सांगते. क्रोमने २०२१ साली एफटीपी पूर्ण काढून टाकलं, फायरफॉक्सनेही त्याच वर्षी. तुमचा फोन चांगला आहे, दार बदला. फाइल एक्सप्लोरर उघडा, म्हणजे जिथे 'धिस पीसी' दिसतं ते, आणि वरच्या पट्टीत तोच पत्ता टाका. शेवटी कोलन देऊन जो २२२१ सारखा आकडा असतो तोही टाकायचा. लोक नेमका तोच गाळतात. फोन आणि कॉम्प्युटर एकाच वायफायवर हवेत, फोन 'गेस्ट' वायफायवर नको. घरातल्या घरात, काम होईपर्यंत पाच-दहा मिनिटं साधं एफटीपी चालू ठेवायला माझी हरकत नाही. झालं की अ‍ॅप बंद करा. स्टेशनवरच्या किंवा मॉलच्या वायफायवर ते अ‍ॅप उघडायचंच नाही.

प्रश्न: एसएफटीपी आणि एफटीपीएस एकच का? कॉलेजात दोन सरांनी दोन उत्तरं दिली.
एक विद्यार्थी, कळवा

उत्तर: एक नव्हेत. एफटीपीएस म्हणजे वर ताईंना सांगितलेलं तेच जुनं एफटीपी, दोन वाटांसकट, फक्त कुलूप लावलेलं. एसएफटीपीचं त्याच्याशी नावापुरतंच नातं. ते एसएसएचच्या, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरशी कुलूपबंद बोलण्याच्या पद्धतीच्या, पोटातून चालतं आणि सगळं एकाच २२ नंबरच्या पोर्टवरून जातं, त्यामुळे राउटरमध्ये एकच ओळ लिहावी लागते. एसएसएच १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू इलोनेन यांनी लिहिलं. त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यावर कुणीतरी चोरून पासवर्ड गोळा केले होते. एफटीपी २१ वर, दूरच्या कॉम्प्युटरवर काम करायचं जुनं टेलनेट २३ वर, आणि ह्या दोघांची जागा घेणारं काहीतरी करायचं होतं. मधला २२ मोकळा होता, तो त्यांनी मागून घेतला.

तुझ्याकडे विंडोज १० किंवा ११ असेल तर 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये 'ओपनएसएसएच सर्व्हर' शोध. तो मायक्रोसॉफ्टकडूनच मिळतो, वेगळं काही उतरवायला नको. आधी घरातल्या दोन मशीनमध्ये चालवून बघ, पासवर्डऐवजी 'की' (किल्लीचं काम करणारी फाइल) वापरून. कोणते सर चुकले ते मात्र मला कळवू नकोस.